तुम्ही विचारलंत म्हणून: शकुंतलेचे रूळ नुसते रुंद का करत नाहीत?

अचलपूर-परतवाड्याकडे शकुंतलेचा, म्हणजे मूर्तिजापूर-अचलपूर या छोट्या रेल्वेगाडीचा, विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला: स्टेशन आहे, रूळ आहेत, मग मधलं अंतर वाढवून मोठी गाडी का आणत नाहीत?

कारण सरकवता येईल असं तिथे काही नाही. या नॅरोगेज लाइनवर दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, ७६२ मिलिमीटर (अडीच फूट), तर ब्रॉडगेजचं, म्हणजे मोठ्या लाइनीचं, १६७६. नॅरोगेजचा स्लीपर, म्हणजे रुळांखालचा आडवा ठोकळा, असतो साधारण दीड मीटर लांब. एवढ्या स्लीपरवर ब्रॉडगेजचे दोन्ही रूळ बसतच नाहीत. त्याला पावणेतीन मीटरचा काँक्रीट स्लीपर लागतो. लांब स्लीपरला गिट्टीचा रुंद थर हवा, थराला रुंद भराव, आणि भराव रुंदावला की खालची प्रत्येक मोरी दोन्ही बाजूंनी वाढवा. छोटे पूल तर वजनासाठीच नव्याने बांधायचे. जुने रूळही बाद, कारण मोठ्या लाइनीवर हल्ली मीटरमागे ६० किलोचा रूळ टाकतात.

खरी डोकेदुखी मातीची. ही कपाशीची काळी जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ओल्या मातीत गिट्टी दबते, चिखल वर येतो आणि रूळ एका बाजूला खचतो. हलकी गाडी हळू चालवली तर हे निभतं. शकुंतलेला ७६ किलोमीटरला चारेक तास लागायचे, त्यात डुलत्या रुळांचाही वाटा होताच. ब्रॉडगेजच्या मालगाडीचा एकेक आस (चाकांच्या जोडीचा दांडा) वीस टनांहून जास्त भार टाकतो, त्यामुळे माती आणि गिट्टी यांच्यात दाबलेल्या मुरुमासारखा वेगळा थर द्यावाच लागतो. तो कंजूषपणे दिला तर पहिल्याच पावसाळ्यात कळतं.

वळणांचंही तेच. नॅरोगेज फार आखूड त्रिज्येचं वळण घेते. ब्रॉडगेजला १७५ मीटरच्या आत जाता येत नाही. मार्ग तिथे सरळ करायचा म्हणजे शेजारच्या शेतातून जायचं, आणि मग भूसंपादन आलं.

मुळात ही लाइन स्वस्तात कापूस नेण्यासाठी होती. किलिक निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उभारली. वऱ्हाडातल्या गाठी मूर्तिजापूरला उतरवून मुंबईच्या मोठ्या गाडीत चढवायच्या. दोन गेजांच्या सांध्यावरची ही हमाली पुढे महागात पडली: ट्रक जिनिंगच्या दारात भरतो आणि थेट गिरणीत रिकामा होतो. मालाची रया गेल्यावर उरले प्रवासी, आणि प्रवासी भाड्यावर अशा लाइनीची दुरुस्ती भागत नाही. त्यात राष्ट्रीयीकरणानंतरही मालकी कंपनीकडे आणि गाड्या चालवायच्या रेल्वेने, असा कारभार. रुळांवर पैसा कुणी टाकायचा, हा वाद त्यातूनच आला. १९९४ मध्ये वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं, पण खालचा भराव जिथे होता तिथेच राहिला.

आता स्टेशनचं. ब्रॉडगेजचा उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंच असावा लागतो, आणि त्याची कड रुळांच्या मध्यापासून १.६७ ते १.६८ मीटरवर. जुन्या स्टेशनावर या मापाशी जुळणारं फारसं काही नाही. नव्या कामाला खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल ती रेल्वेच्या हद्दीतली मोकळी पट्टी, तीही वळणं सोडून.