जिल्ह्याची कोणती माहिती पोर्टलवर टाकावी?

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने मागणीची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करण्याची जबाबदारी कार्यालयांवर टाकली आणि २०१२ च्या राष्ट्रीय धोरणानंतर केंद्राचे खुल्या डेटाचे पोर्टलही सुरू झाले. प्रश्न उरतो तो जिल्हा पातळीवरचा: कोणता तक्ता जसाच्या तसा द्यायचा, कोणत्या तक्त्यातले रकाने काढायचे आणि कोणता मुळीच द्यायचा नाही. आकडेवारीच्या कामात बरीच वर्षे गेल्यामुळे माझे मत असे झाले आहे की, तक्त्यातली प्रत्येक ओळ कशाची आहे हे आधी पाहावे. ती जागेची किंवा यंत्राची असेल तर जितकी बारीक देता येईल तितकी द्यावी. माणसाची असेल तर हात आखडता घ्यावा.

रावेर-यावलच्या केळी उत्पादकांना हे वेगळे सांगावे लागणार नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्यात थंडीची किंवा उष्णतेची भरपाई महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राने नोंदवलेल्या तापमानावरून ठरते. अशा वेळी जिल्ह्याचे मासिक सरासरी तापमान प्रसिद्ध करणे आणि काहीच न करणे यांत फरक नाही. शेतकऱ्याला हवे असते आपल्या मंडळाचे त्या त्या दिवसाचे तापमान, केंद्राची नेमकी जागा आणि केंद्र बंद पडले असल्यास किती दिवस बंद होते व त्या दिवसांचे आकडे कुठून घेतले, याची नोंद. यातली शेवटची नोंद सर्वांत मोलाची आणि, माझ्या अनुभवात, द्यायला सर्वांत नकोशी असते. भूजलाचेही तसेच आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ती विहिरीनिहायच द्यावी, कारण सातपुड्याच्या पायथ्याची विहीर आणि तापीकाठची विहीर यांची सरासरी कोणाच्याच कामाची नसते.

नंदुरबारकडे वळले की गणित उलटे होते. अक्कलकुवा, धडगाव भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचे आकडे औषधांच्या व समुपदेशनाच्या नियोजनासाठी आवश्यकच आहेत. परंतु तीस घरांच्या पाड्याच्या तक्त्यात ‘मुलगी, वय १७, वाहक’ एवढे लिहिले तरी नाव लिहिल्यासारखेच होते. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे सोयरीक जुळवायला आलेल्यांना कोण समजावणार? म्हणून असे आकडे तालुका पातळीवर द्यावेत, दहाच्या आतली संख्या न दाखवता ‘दहापेक्षा कमी’ लिहावे आणि एकूण बेरजेतून वजाबाकी करून ती काढता येणार नाही, याचीही काळजी घ्यावी. ही शेवटची खबरदारी हमखास राहून जाते. जनगणनेने हा तोल बराच सांभाळला आहे: १९४८ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे व्यक्तीच्या नोंदी गोपनीय आहेत, तरी २०११ चे गावनिहाय तक्ते कोणालाही पाहता येतात.

खरी ओढाताण होते ती माणसाच्या ओळीत सार्वजनिक पैसा असतो तेव्हा. रोजगार हमीच्या हजेरीपटावरची नावे उघड हवीतच, कारण कधीच कामावर न आलेला मजूर गावालाच ओळखता येतो, लेखापरीक्षकाला नाही. नाव, कामाचे दिवस आणि रक्कम एवढे त्यासाठी पुरेसे आहे. बँक खाते, मोबाइल आणि आधार क्रमांक यांची त्या पडताळणीत काहीही गरज नाही. (देशातला पहिला आधार क्रमांक २०१० साली आमच्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला, तो क्रमांक असा चव्हाट्यावर मांडण्यास २०१६ च्या आधार कायद्याने मनाई केली.)

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या पोटकलमातील व्यापक जनहिताचा अपवाद काढून टाकला. माहिती अधिकाराच्याच कलम ८(२) मधील जनहिताची तरतूद शिल्लक असली, तरी ठेकेदारांची आणि अनुदान घेणाऱ्यांची नावेसुद्धा ‘वैयक्तिक’ म्हणून झाकली जातील, ही भीती मला अवाजवी वाटत नाही. त्यामुळे न दिलेल्या तक्त्यांचीही यादी त्याच पोर्टलवर असावी आणि तिच्यात तक्त्याचे नाव, नकाराचे कलम आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम असावे, म्हणजे त्या नकाराविरुद्ध अपील करणाऱ्याला सुरुवात कुठून करायची हे तरी कळेल.