चेकशीटवरचे आकडे एकसारखे का येतात?

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीतल्या मशीन शॉपमध्ये पुष्कळदा अशी चेकशीट, म्हणजे मापं नोंदवायचा कागद, हाती येते: दर तासाला एक, अशी आठ रीडिंग, आठही तंतोतंत सारखी, शिफ्ट सुटताना एका दमात भरलेली. साहेब लोक लगेच म्हणतात, कामगारांना क्वालिटीचं काही पडलेलं नाही. मला हे साफ चुकीचं वाटतं. खरं लिहून बोलणी खाल्ली की माणूस खरं लिहायचं सोडतो.

नागपूरचा मे महिना घ्या. बाहेर पारा 45 वर, पत्र्याची शेड तापलेली आणि सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवरून उतरलेला शाफ्ट त्याहून गरम. एक मीटर स्टील दर अंशाला सुमारे 11.5 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. म्हणजे 100 मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट तो मोजणाऱ्या मायक्रोमीटरपेक्षा 15 अंशांनी गरम असला, तर माप 17 मायक्रॉन जास्त दाखवतं. शाफ्टच्या h7 या ठरलेल्या ग्रेडला या व्यासावर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, मिळतो 35 मायक्रॉन. त्यातला जवळजवळ निम्मा असा उष्णतेतच जातो. ऑपरेटर खालच्या मर्यादेजवळ माप बसवून माल पाठवतो आणि क्यूसीच्या (क्वालिटी तपासणीच्या) एसी खोलीत, 20 अंशांना, तोच शाफ्ट अंडरसाइज निघतो. कमी झालेला व्यास परत वाढत नाही, माल थेट भंगारात. रिपोर्टवर कारण काय, तर 'ऑपरेटर निष्काळजी, समज दिली'. आयएसओ 9001:2015 या क्वालिटीच्या आंतरराष्ट्रीय मानकातलं कलम 10.2 मूळ कारण शोधायला सांगतं. समज देणं म्हणजे कारण शोधणं नव्हे.

उपाय महागडे नाहीत. शाफ्ट, मायक्रोमीटर आणि सेटिंग रॉड (मायक्रोमीटर जुळवायचा ठरावीक लांबीचा दांडा) एकाच लोखंडी प्लेटवर ठेवा. या आकाराच्या शाफ्टला निवायला काही तास द्या. मायक्रोमीटर त्याच रॉडवर सेट करा, हातात फार वेळ धरू नका. तेवढा वेळ थांबता येत नसेल तर गरम मापातून किती वजा करायचं, तो तक्ता मराठी-हिंदीत मशीनवर लावा. टूल झिजल्यामुळे सरकणारं मापच दर तासाला घ्या. बाकीची मापं पहिल्या पीसला, शेवटच्या पीसला आणि टूल बदलल्यावर.

आणि ऑपरेटरने स्वतःहून लाल (रिजेक्ट मालाच्या) पेटीत टाकलेला पीस त्याच्या इन्सेंटिव्हमधून कापू नका. भीती घालवा, हा क्वालिटीतज्ज्ञ डेमिंग यांच्या 14 मुद्द्यांपैकी एक आहे. तो ठेकेदारी कामगारांनाही लागू करा. बऱ्याच ठिकाणी मशीनवर उभा असतो तोच, आणि ट्रेनिंगच्या यादीत नेमकं त्याचंच नाव नसतं.