बंद पडलेल्या परफ्यूमच्या नोंदी

बाजारातून कधीच उठलेला एखादा परफ्यूम हाती लागला की नाक आधी बाटलीच्या तोंडाशी जातं. नेमकी तीच जागा सगळ्यात फसवी. तिथे येतात त्या टॉप नोट, म्हणजे सगळ्यात आधी उडून जाणारे वरचे वास, आणि जुन्या बाटलीत आधी बिघडतात त्याही त्याच. बर्गमॉट, लिंबू, संत्रं यांच्या तेलातलं लिमोनीन ऑक्सिजनने खराब होतं, आल्डिहाइड नावाच्या सुगंधी द्रव्यांची हळूहळू आम्लं बनतात. म्हणून पहिली दहा मिनिटं टर्पेंटाइनसारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झणका येतो. बहुतेक जण तिथेच "गेला हा" म्हणतात आणि बाटली बाजूला ठेवतात. घाई नडते ती इथे.

कारण आठवणीतला वास तो नसतोच. आई, मावशी, शाळेतल्या बाई, ज्यांच्या वासाची ओढ असते त्यांनी परफ्यूम लावलेला असायचा घरातून निघताना. आपल्यापर्यंत पोहोचायचा तो दोन-तीन तासांनी, शालीतून, कोटाच्या कॉलरमधून. म्हणजे ड्रायडाउन, वरचे वास उडून गेल्यावर मागे उरणारा तळाचा वास. आणि चंदन, राळ, कस्तुरीसारखे मस्क, व्हॅनिला, पॅचुली ही तळाची मंडळी चांगल्या साठवणीत कित्येक दशकं टिकतात.

तेव्हा तपासायची रीत अशी: पहिले तीन-चार फवारे वाया घालवावेत, कारण नळीत अडकलेला द्रव सगळ्यात जास्त शिळा असतो. मग ब्लॉटरवर, म्हणजे वास घ्यायच्या कागदी पट्टीवर, एक फवारा मारून वर वेळ लिहावी. अर्ध्या तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगावं. रंग गडद झाला म्हणून घाबरू नये. व्हॅनिलिन आणि मोगऱ्याच्या कुळातल्या फुलांमधलं इंडोल काळपट पडतंच. (पांढऱ्या कपड्यावर मात्र डाग पडतो.) चार तासांनंतरही आंबूस किंवा तेलकट वास राहिला, तर तो खरंच संपला.

वासाने माणूस एवढा का हलतो? नाकाकडून येणारा संदेश घ्राणकंदातून (मेंदूतलं वासाचं पहिलं ठाणं) थेट भावना सांभाळणाऱ्या अमिग्डालाकडे आणि आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या भागांकडे जातो. नजर आणि कान यांच्यासारखा आधी थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या ठाण्यातून जात नाही. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बऱ्याचदा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, शब्दांनी जाग्या होणाऱ्या त्यामानाने नंतरच्या, असं प्रयोगांत दिसलं आहे. मला त्यातून एवढंच दिसतं की परफ्यूमची ओढ बहुतेक वेळा तो लावणाऱ्या माणसाची असते. त्यामुळे "उत्तम" आणि "माझा" हे दोन निकष वेगळे ठेवलेले बरे.

आता हे परफ्यूम गेले कुठे? काही खपले नाहीत, परफ्यूम बनवणारी काही घराणी विकली गेली. पण खरी दुखरी गोष्ट घटकांची आहे. फ्रेंच परफ्यूमकार कोतीचा 'शिप्र' १९१७चा, त्याने एका अख्ख्या कुळाला नाव दिलं. बर्गमॉट, लॅब्डेनम (एका झुडपाची राळ) आणि ओकमॉस हा त्याचा सांगाडा. ओकमॉस म्हणजे ओकच्या सालीवर वाढणारं, दगडफुलाच्या जातकुळीतलं लायकेन. ओल्या जंगलाचा, शाईचा, किंचित खारट वास. त्यात अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल असतात, आणि त्यांची अ‍ॅलर्जी अनेकांना होते. युरोपीय संघाने २०१७च्या नियमाने हे दोन्ही आणि लायरल हे कृत्रिम सुगंधी द्रव्य यांच्यावर बंदी घातली: ऑगस्ट २०१९ पासून नवा माल नाही, ऑगस्ट २०२१ पासून दुकानातही नाही. आता अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल काढून टाकलेलं ओकमॉस वापरतात. वास त्याच दिशेचा, पण खालची काळोखी कमी. त्याच कुळातल्या, गेर्लँ या फ्रेंच घराण्याच्या १९१९च्या 'मित्सुको'चं नाव आजही बाटलीवर आहे; जुनी आणि नवी शेजारी ठेवून हुंगली तर फरक पहिल्या मिनिटात नाही, तिसऱ्या तासाला कळतो.

लिली ऑफ द व्हॅलीचं दुखणं याहून मोठं. या फुलातून परफ्यूमसाठी वापरण्याजोगं तेल निघत नाही, सगळा वास रचावा लागतो. तो रचला जायचा हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल, लिलिआल आणि लायरल या कृत्रिम द्रव्यांवर. पहिल्यावर मर्यादा, लायरल बंद, आणि लिलिआल मार्च २०२२ पासून युरोपात बंद. एका फुलाचे तीनही खांब हलले! नायट्रो मस्क या जुन्या कृत्रिम मस्कचंही तेच झालं. मस्क अ‍ॅम्ब्रेट उन्हात त्वचेला त्रास देतो म्हणून गेला, आणि त्याच्याबरोबर जुन्या परफ्यूममधली पावडरसारखी गोड ऊबही गेली. नवे मस्क स्वच्छ आहेत, धुतलेल्या कपड्यांसारखे. ती जागा त्यांनी भरून निघत नाही.

हाच इतिहास खोक्यावर वाचता येतो, म्हणून जुनी बाटली घेताना खोकं सोडू नये. युरोपात मार्च २००५ पासून २६ अ‍ॅलर्जीकारक घटक नावानिशी छापणं सक्तीचं झालं. युरोपीय खोक्यावर घटकांची लांब यादी नसेल, तर माल बहुधा त्याआधीचा. यादीत 'एव्हर्निया प्रुनास्ट्री' दिसलं तर ओकमॉस आहे. 'ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल' म्हणजे लिलिआल, अर्थात बंदीआधीची बाटली. उघड्या डबीचं चिन्ह आणि त्यात '36M' (उघडल्यावर ३६ महिने) वगैरे असेल, तर तेही २००५च्या आसपासचं किंवा नंतरचं. बाटलीच्या बुडाचा बॅच कोड आणि खोक्यावरचा कोड जुळत नसेल तर सौदा सोडावा. खोकं एकीकडचं, बाटली दुसरीकडची, हे सर्रास चालतं.

काचेचं घासलेलं बूच अडकलं असेल तर पिळू नये, मान तुटते. सांध्यावर शुद्ध अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडून तासभर थांबावं, मग लाकडी चमच्याच्या दांड्याने बुचाला दोन्ही बाजूंनी आलटून पालटून हलके टोले द्यावेत. नाही निघालं तर पुन्हा थेंब, पुन्हा थांबणं. गरम पाणी नको: काच तडकते आणि वासही.

उघडल्यावर शत्रू तीन: उष्णता, उजेड आणि बाटलीतली रिकामी हवा. तिसरा सगळ्यात दुर्लक्षित. ५० मिलीच्या बाटलीत १५ मिली उरलं असेल, तर ते ५ मिलीच्या तीन काचेच्या कुप्यांत, जवळजवळ काठोकाठ भरून ठेवावं. प्लॅस्टिकच्या नकोत. कुप्या आधी अल्कोहोलने धुऊन पूर्ण सुकवाव्यात. पाण्याचा थेंब राहिला तर द्रव गढुळतो. झाकणाभोवती पॅराफिल्म (ताणून गुंडाळायची मेणासारखी पट्टी), वर नाव आणि तारीख, आणि सगळं बंद खोक्यात, तापमान फार वर-खाली न होणाऱ्या जागी. न्हाणीघरातलं कपाट म्हणजे वाईटात वाईट जागा. वर्सायमधली ऑस्मोथेक ही १९९०ची संस्था जुने परफ्यूम १२ अंश सेल्सिअसला, आर्गॉन वायूखाली ठेवते. कोतीचा 'शिप्र' आणि जाक फाथचा 'इरिस ग्रि' तिथे आजही हुंगता येतात.

त्वचेवर लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दोन दिवस वाट पाहावी. घटकांवर बंदी उगीच आलेली नाही. आणि जुन्या बर्गमॉट तेलात बर्गाप्टेन असू शकतं, त्यामुळे लावून उन्हात जाऊ नये. काळे डाग पडतात आणि महिनोन्‌महिने जात नाहीत. रोज वापरणंही टाळावं असं माझं मत. अ‍ॅलर्जीचं सोडा, रोजच्या वापराने तो वास आजच्या दिवसांना चिकटतो आणि जुनं माणूस त्यातून मागे सरकत जातं.

आणखी एक, बाटलीवर मोठी रक्कम घालण्याआधी. शोध चालू असतो तो वास पुष्कळदा परफ्यूमचा नसतोच. जुन्या लिपस्टिकमध्ये व्हायलेट आणि गुलाब असायचा, फेस पावडरमध्ये आयरिससारखा कोरडा वास. घराणी आपल्या गाजलेल्या परफ्यूमचा साबण आणि टाल्कही काढत, आणि मुलांच्या नाकाशी जास्त येत ते हेच. तेव्हा आधी २ मिलीचा नमुना मिळवावा. चार तासांनी वास "ओळखीचा, पण तो नाही" वाटला, तर त्याच नावाची टाल्कची डबी किंवा कागदात गुंडाळलेली साबणाची वडी शोधावी. वडीचा वरचा थर सुरीने खरवडावा. आतला वास बराच शाबूत निघतो.