नसेतली वाहतूक एमआरआयवर पकडताना

नसेच्या (म्हणजे मज्जातंतूंच्या जुडीच्या, रक्तवाहिनीच्या नव्हे) नेहमीच्या एमआरआयवर दिसतं ते पाणी. मनगटातल्या अरुंद बोगद्यात, म्हणजे कार्पल टनेलमध्ये, दबलेली नस उजळ दिसते, ती सुजेमुळे. नसेच्या तंतूंतून पेशीला लागणारा माल सतत वाहून नेला जातो, ती इथली वाहतूक; तो माल सरकतोय की तुंबलाय, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही. माल तुंबतो हे मात्र १९४८ सालीच पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी नस आवळून दाखवलं होतं.

वाहतूक पाहायची तर खुणेचा माल आत सोडावा लागतो. प्राण्यांत ते काम मॅंगनीज करतं. ते कॅल्शियमच्या वाटेने अक्षतंतूत (चेतापेशीच्या लांब धाग्यात) शिरतं, आतल्या रुळांसारख्या सूक्ष्मनलिकांवरून पुढे नेलं जातं आणि टी-वन (पाण्याचा एमआरआय सिग्नल सावरायला लागणारा वेळ) कमी करत असल्याने वाट उजळत जाते.

उंदराच्या सायटिक नसेसाठी द्रावण करताना मॅंगनीज क्लोराइड टेट्राहायड्रेट मिलिलिटरला १९.८ मिलिग्रॅम घ्या. हे झालं १०० मिलिमोलर. प्रत्येक रेणूचे तीन आयन होतात, म्हणून ते साधारण ३०० मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) भरतं, म्हणजे रक्ताच्या जवळपास. फॉस्फेट बफर वापरू नका, साका बसतो. द्रावण अल्कधर्मी झालं की हवेने तपकिरी पडतं; ते सरळ फेकून द्यावं. मात्रा एखादा मायक्रोलिटर, तीही सावकाश. जोरात टोचलं तर नसच फाटते आणि मग मोजायचं काय? जास्त मात्रेने पेशी मरतात. शिवाय टोचलेल्या जागी मॅंगनीज फार दाटलं, की उजेडाऐवजी काळा डाग येतो.

स्कॅन आधी कोरा घ्या, मग ठरावीक तासांनी तोच पुन्हा. टी-वनवर आधारलेल्या चित्रात चरबीही पांढरीच दिसते. तिचा सिग्नल दाबला नाही, तर नसेभोवतालची चरबीच मॅंगनीज म्हणून मोजली जाते.

खरा घोळ पुढे आहे. उजेड पुढे सरकला म्हणजे वाहतूक झाली, असं नाही. नुसत्या विसरणानेही (दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरण्यानेही) मॅंगनीज तासाभरात २ मिलिमीटर आणि दिवसाभरात ११ मिलिमीटरच्या आसपास पसरू शकतं. विसरणाचं अंतर काळाच्या वर्गमुळाने वाढतं, वाहतुकीचं सरळ प्रमाणात. म्हणून एकाच वेळेचं चित्र जवळजवळ निरुपयोगी. किमान चार वेळा मोजून आलेख सरळ जातो का ते पाहा. दुसऱ्या गटात नसेला कोल्चिसिन लावा. त्याने सूक्ष्मनलिका मोडतात, मग उजेड थांबला पाहिजे. न थांबला तर तुम्ही विसरण मोजताय. दुसऱ्या पायाची नसही तपासा. तिथेही उजेड आला तर मॅंगनीज रक्तातून फिरलंय. पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी गॅंग्लियनमध्ये (संवेदी चेतापेशींच्या गाठीत) रक्तातले पदार्थ अडवणारा अडसर ढिला असतो, तिथे ही फसवणूक आधी होते.

भूल दिलेला उंदीर पटकन गार पडतो, आणि गार नसेत वाहतूक मंदावते. शरीर ३७ अंशांवर धरून ठेवलं नसेल तर दोन गटांतला फरक कोल्चिसिनचा की थंडीचा, कळणार नाही.

माणसांत हे असंच करता येत नाही, कारण मॅंगनीज मेंदूत साचून पार्किन्सनसारखी लक्षणं आणू शकतं.