उत्तरेकडची पट्टी

पुण्यात तळमजल्यावर घर घेतलं, तेव्हा बागेसाठी मिळालेली जागा होती इमारतीच्या उत्तरेला. भिंतीपासून कुंपणापर्यंत 4 फूट रुंद, 25 फूट लांब. पहिल्या हिवाळ्यात हौसेने जास्वंद लावली. उजेडाकडे मान काढत ती लांबच लांब वाढली, पण कळी काही धरेना.

"सावली आहे ना, मग ॲग्लोनिमा आणि पीस लिली न्या," रोपवाटिकेत सांगितलं. जानेवारीत लावलेली ती रोपं छान रुजली. मे उजाडला आणि पानं पांढुरकी पडून कडेने करपली. थंडीभर जिथे उन्हाची तिरीपही नव्हती, तिथे भर दुपारचं ऊन होतं!

मग मी हिशेब मांडला. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला एवढा कललेला असतो, की आमच्या 30 फुटी इमारतीची सावली भर दुपारीही 27 फूट लांब पडते. पण मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे आमची सावली नेमकी कडक उन्हाळ्यात पळते. जूनपासून ढग येतात म्हणून निभावतं. खरी परीक्षा एप्रिल-मेची.

आई रत्नागिरीची. तिला फोनवर सगळं सांगितलं, तर म्हणाली, "अगं, उन्हाळ्यात जमिनीत झोपणारी झाडं लाव की! हळद लाव, पेव लाव, भुईचाफा लाव." मला हे सुचलंच नव्हतं. सह्याद्रीच्या पानगळीच्या रानात हेच चालतं: उन्हाळ्यात झाडं उघडी, खाली ऊन, तेव्हा हे कंद मातीत दडलेले. पाऊस पडला की वर पालवीची सावली होते आणि खाली यांचे कोंब फुटतात.

लावण्यापेक्षा खणण्यातच जास्त दिवस गेले. वीतभर मातीखाली नुसता राडारोडा होता, विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे. दीड फूट खणून तो काढला आणि लाल माती, शेणखत, कुजलेला पालापाचोळा भरला. मेअखेरीस कंद लावले. पूर्वेच्या टोकाला सकाळचं दोन तास ऊन येतं, तिथे अबोली. शेजारचा आंबा जिथे कुंपणावरून आत झुकलाय, तिथे बारमाही सावली. उरलेले ॲग्लोनिमा आणि नेचे त्याच्याखाली हलवले.

पावसाळ्यात गोगलगायींनी पेवाचे कोवळे कोंब कुरतडले. रोज रात्री बॅटरी घेऊन त्या वेचल्या. ऑगस्टपर्यंत हळद कमरेला लागली. थंडीत सगळं पिवळं पडून आडवं झालं, तेव्हा मात्र जीव हलला. रोज पाणी घालावंसं वाटे. आईने निक्षून सांगितलं होतं, "झोपलेल्या कंदाला पाणी घालू नकोस, कुजेल."

यंदा एप्रिलमध्ये एका सकाळी त्या कोरड्या मातीतून, एकही पान नसताना, भुईचाफ्याचं पांढरं-जांभळं फूल थेट वर आलं होतं. वाकले, तर मंद वासही आला.