बूट हिलवर फ्रेंची नव्हती

कोलोरॅडोच्या ट्रिपवर लिही, असं मला तिघीजणींनी सांगितलंय. तर डोंगर सुंदर होते, पार्किंग कुठेच मिळालं नाही आणि चार दिवस आम्ही डब्यातले ठेपले आणि मॅगी खाल्ली. झालं कोलोरॅडो. मला लिहायचंय ते जाताना वाटेत टेक्सासमधल्या तास्कोसा नावाच्या उजाड गावात, फ्रेंची नावाच्या बाईचं थडगं शोधण्यात घालवलेल्या दीड तासाबद्दल. त्यावरून घरात मला अजून चिडवतात.

डॅलसहून निघून पहिला मुक्काम अमरिलोला होता. सकाळी सगळ्यांना त्या जमिनीत नाक खुपसून उभ्या असलेल्या दहा कॅडिलॅक गाड्या बघायच्या होत्या, त्यांच्यावर रंगाचे फवारे मारायचे होते. मी म्हटलं मारा, पण मग तास्कोसाला थांबायचं.

"तिथे आहे काय?" नणंदेनं विचारलं.

"काही नाही."

"मग?"

या 'मग'चं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. खरं कारण माझ्या माहेरात आहे. वडील तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून होते. कचेरीच्या फाटकाबाहेर स्टॅम्पव्हेंडर, अर्ज लिहून देणारे, झेरॉक्सवाला आणि भजी तळणारा, एवढ्यांवर आमची अर्धी पेठ चालायची. पुढे नवी प्रशासकीय इमारत गावाबाहेर बायपासला गेली आणि दोन वर्षांत त्या पेठेत दुपारी कुत्री झोपायला लागली. त्यामुळे जिल्ह्याचं ठिकाण असून पार पुसलं गेलेलं गाव नकाशावर दिसलं की मला राहवत नाही.

वेगा नावाच्या गावापाशी मोठा हायवे सोडून ३८५ नंबरच्या रस्त्यानं उत्तरेला वळलो. पोळपाटासारखी जमीन, क्षितिजापर्यंत एक झाड नाही. मग जमीन एकदम खचते, रस्ता कॅनेडियन नदीच्या खोऱ्यात उतरतो आणि पलीकडे तास्कोसा. म्हणजे तास्कोसा होतं ती जागा.

१८७६ च्या सुमाराला न्यू मेक्सिकोतून कासिमिरो रोमेरो मेंढरं घेऊन इथे आला. पाण्यापाशी मातीच्या विटांची घरं उठली. 'अटास्कोसा' म्हणजे दलदलीची जागा. आपल्याकडे सरळ गाळवाडी म्हटलं असतं. मागोमाग गुरांचे मोठे मालक आले, त्यांचे काउबॉय आले आणि १८८० मध्ये ओल्डहॅम काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, कारभार सुरू होऊन तास्कोसा तिचं मुख्य ठिकाण झालं. शेजारच्या काउंट्यांना अजून स्वतःचा कारभार नव्हता, त्यांचे खटलेही इथेच चालत. म्हणजे फाटकाबाहेरची गर्दी आलीच. फक्त भज्यांच्या जागी व्हिस्की.

१८८३ मध्ये काउबॉयांनी चक्क संप केला. महिन्याला ५० डॉलर द्या म्हणाले. मालक बधले नाहीत, संप बारगळला आणि साठवलेले पैसे तास्कोसाच्या दारूच्या गुत्त्यांत उडाले असं सांगतात. हे ऐकून नवरा पहिल्यांदा हसला.

दगडी कोर्ट मात्र उभं आहे. १८८४ चं. आता ते म्युझियम आहे आणि त्याच्याभोवती बॉईज रँच नावाची मुलांची वसाहत. १९३९ मध्ये कॅल फार्लीनं ती सुरू केली तेव्हा पहिली मुलं या कोर्टातच राहिली. आमचा लेक बिली द किड या नामचीन गुन्हेगाराच्या शोधात होता. बिली १८७८ मध्ये इथे घोडे विकायला आला होता आणि एका डॉक्टरला दिलेल्या घोड्याची पावतीसुद्धा त्यानं लिहून दिली होती. घोडेचोरानं पावती द्यावी, यावर लेकाचा विश्वासच बसेना.

मी अडकले ते एका बाईपाशी. फ्रेंची मॅकॉर्मिक. डान्सहॉलमध्ये नाचणारी, पत्त्यांच्या टेबलावर पानं वाटणारी. मिकी मॅकॉर्मिक नावाच्या जुगाऱ्याशी १८८१ मध्ये तिचं लग्न झालं आणि ओढ्याकाठच्या मातीच्या घरात त्यांनी संसार मांडला. खरं नाव, माहेर यातलं काहीच तिनं शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

मग मालकांनी कुंपणाच्या तारा ओढल्या, १८८७ मध्ये रेल्वे गावाला बाजूला टाकून गेली, १८९३ च्या पुरात घरं वाहून गेली. १९१५ मध्ये काउंटीचं दप्तर वेगा गावी हललं तेव्हा गावात पंधरा माणसं उरली होती. मिकी १९१२ मध्येच गेला होता. फ्रेंची त्याच्या थडग्यापासून हलली नाही. दुकान नाही, शेजार नाही, अशा जागी ती १९१५ नंतरही चोवीस वर्षं राहिली. १९३९ मध्ये, म्हातारपणानं पार थकल्यावर, जवळच्या चॅनिंग गावाला जायला तयार झाली ती एका अटीवर: मेल्यावर मला परत आणून मिकीशेजारी पुरायचं.

मी लगबगीनं बूट हिलवर चढले. पायात बूट असतानाच मेलेल्यांची ही टेकडी. सगळे पर्यटक इथेच येतात, फोटोसाठी ओळीनं उभे असतात. १८८६ च्या मार्चमधल्या एका रात्रीच्या गोळीबारात मेलेले चौघे इथे आहेत. त्यातला एक बिचारा खानावळवाला, भांडणाशी ज्याचा काही संबंध नव्हता. ऊन मरणाचं, वारा असा की ओढणी दातात धरावी लागली. एकेक पाटी वाचत सगळी टेकडी पालथी घातली. फ्रेंची नाही.

खाली येऊन विचारलं तर कळलं, ती इथे कशी असेल? ती रोमेरोंच्या स्मशानात, वेगळ्या जागी. गाडीत लेक वैतागलेला, नणंद पंधरा मिनिटं एसी लावून बसलेली. "परतताना बघू," नवरा म्हणाला. आपल्या घरात 'परतताना'चा अर्थ काय असतो हे मला माहीत आहे, तरी मी गाडीत बसले. तुम्ही गेलात तर आधी रोमेरोंचं स्मशान विचारून घ्या. बूट हिल राहिली तरी चालेल.

परतताना आम्ही डुमासच्या रस्त्यानं आलो, कारण तो चांगला आहे म्हणे.

जाताना चॅनिंग लागलं होतं. मी खिडकीची काच खाली केली, तर आत धूळ आली म्हणून सगळे ओरडले. दोन मिनिटांत गाव मागे पडलं. फ्रेंचीनं तिथे दोन वर्षंही काढली नाहीत. १९४१ च्या जानेवारीत ती गेली आणि ठरल्याप्रमाणे लोकांनी तिला परत तास्कोसाला नेलं.