तुम्ही विचारलंत म्हणून : कोटच्या सुनेची पत्रं

मी लांज्याची, झाशीच्या नेवाळकरांचं मूळ गाव कोट आमच्याच तालुक्यातलं, त्यात इतिहास शिकवते. त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा गाठतो : "झाशीची राणी तुमच्या कोटच्या नेवाळकरांची सून खरी, पण आधी इंग्रजांना पत्रं लिहीत होती ना? म्हणजे गादीसाठीच लढली."

लिहीत होती. का लिहू नयेत? १८५४ मध्ये संस्थान खालसा करून महिना पाच हजारांचं पेन्शन पुढे केलं आणि नवऱ्याचं कर्ज त्यातूनच फेडा म्हणून सांगितलं. दत्तक मुलाच्या, दामोदरच्या मुंजीसाठी त्याच्याच नावच्या पैशांतले एक लाख मागितले, तर म्हणे जामीन आणा. पोराच्या मुंजीला आईने जामीन शोधायचे!

एका व्याख्यानात मी जून १८५७ ची पत्रं सांगत होते. झाशीच्या जोखनबागेत बंडवाल्या शिपायांच्या उठावात इंग्रज बायकापोरांसकट मारले गेले, त्यानंतर चार दिवसांनी राणीने सागरच्या कमिशनरला लिहिलं, की शिपायांनी माझ्याकडूनही धमकावून पैसे उकळले, मदत पाठवा. त्याने कळवलं, आमचा माणूस येईपर्यंत कारभार तुम्हीच बघा. एवढ्यात पुढच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठले. "आमच्या सुनेला भित्री ठरवायला आलात काय?" माझ्या हातातला माईक गेला, चहा जाहीर झाला. घाईघाईने टिपणं घेणाऱ्या दोन विद्यार्थिनींनी वह्या मिटल्या. त्या वह्यांत गोष्ट तिथेच तुटली, हे मला आजही सलतं.

पुढचं असं होतं : शेजारच्या ओरछा संस्थानाचा नथेखान झाशीवर चालून आला. तिने पुन्हा इंग्रजांकडे मदत मागितली, ती आली नाही. मग तिनेच त्याला परतवलं. आणि मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोज वेढा घालायला आला.

पूर्वी मी ठासून सांगायचे, तिच्यापुढे लढण्यावाचून दुसरी वाटच नव्हती. आता जीभ अडते. झाशी पडल्यावर शहरात जे बिजन, म्हणजे सरसकट कत्तल, झालं ते 'माझा प्रवास' लिहिणाऱ्या आपल्या वरसईच्या गोडसे भटजींनी डोळ्यांनी पाहिलं. शरण गेली असती तर ती माणसं वाचली असती? तिच्या वडिलांना, मोरोपंतांना, फाशी दिलं. मग वाटतं, असल्या लोकांच्या शब्दावर तिने विसंबायचं तरी कसं?

गादीचं म्हणाल, तर एप्रिलमध्येच झाशी गेली होती. तरी काल्पी, तिथून ग्वाल्हेर, आणि जूनमध्ये लढतानाच मरण. कुणी म्हणतं, पेशव्यांच्या आशेवर. असेलही. मला ते पटत नाही, आणि खोडूनही काढता येत नाही.

पण पत्रं गाळून बोलायचं असेल तर मला बोलावू नका.